माझ्यात मावली चोवीस चित्रं

तळहाताएवढा हिरवा बोर्ड, एक कोपरा जरा करपलेला, पाठीवरचा नंबर अर्धा पुसलेला. मित्रांनो, हे जुनं ध्यान म्हणजे मी. तुम्ही मला वाटेत पाहिलं असतं, तर ‘हे कुठल्या यंत्रातून गळून पडलं?’ असं म्हणून पायानं बाजूला सारलं असतं. त्यात तुमची चूक नाही. आम्ही सर्किट बोर्ड सगळे सारखेच दिसतो. पण माझ्या आयुष्यात असे चार दिवस आले, की एका घरातली माणसं माझ्याकडे डोळे लावून बसली होती. त्या चार दिवसांची हकिगत सांगायची म्हणून तर तुम्हाला हाक मारली.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्रानं माझ्या अंगावर तांदळाच्या दाण्याहून लहान भाग टपाटप बसवले, भट्टीच्या धगीतून मला पलीकडे काढलं, आणि मग एका बाईंनी भिंगाखाली धरून माझा सांधा न् सांधा पाहिला. “पास,” एवढंच त्या म्हणाल्या. अजून आठवलं तरी मला बरं वाटतं.

माझ्या मधोमध एक काळा चौकोन आहे. तो माझा मेंदू. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्यात सामान ठेवायच्या दोन जागा असतात, त्या आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. एक जागा कपाटासारखी. तिच्यात ठेवलेलं वीज गेली तरी जागच्या जागी राहतं. दुसरी कामाच्या टेबलासारखी. लागेल ते तिच्यावर मांडायचं आणि काम झालं की आवरायचं. वीज गेली की टेबल रिकामं. माझं टेबल लहान आहे, कपाटाच्या चौथ्या हिश्शाएवढं. त्या काळी कुणी त्याची तक्रार केली नाही, कारण काम तेवढंच होतं.

मला नोकरी लागली ती एका सात मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये. दाराच्या वर बसायचं, मजल्याचा आकडा दाखवायचा, वर जाणारा किंवा खाली येणारा बाण दाखवायचा. नऊ वर्षं मी एवढंच केलं. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, मित्रांनो. सगळी माझ्याकडेच बघतात! साहेब, शिपाई, भांडून निघालेलं जोडपं, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला तर आपण फार मोठे आहोत असंच वाटायला लागलं होतं.

दर तीन महिन्यांनी लिफ्टची तपासणी करायला एक मेकॅनिक यायची. कामावर तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. ती माझं झाकण उघडायची, मऊ ब्रशनं धूळ झटकायची आणि पुटपुटायची, “शहाणं आहेस. कधी त्रास दिला नाहीस बघ.” एकदा विजेचा दाब अचानक वाढला आणि माझा कोपरा करपला, तेव्हा तिनंच जळका भाग काढून नवा बसवला, कथलाचा डाग देऊन पक्का केला आणि मला वाचवलं.

मग इमारतीच्या मालकांना मोठा, चकचकीत पडदा हवासा वाटला. मी उतरलो. ताईनं मला कागदात गुंडाळून घरी नेलं आणि स्क्रूंच्या डब्यात ठेवलं. “कधीतरी उपयोगी पडेल,” असं म्हणाली खरी, पण ‘कधीतरी’ हा शब्द किती लांब असतो ते मला त्या डब्यात कळलं. दोन वर्षं अंधार. डबा हलला की वॉशर माझ्या पाठीवर घरंगळायचे, आणि डबा बंद झाला की पुन्हा शांतता. माणूस मायाळू असला तरी विसरतो. मी ताईवर रागावलो नव्हतो. पण आपलं काम संपलं, असं मात्र मी मनाशी धरून चाललो होतो.

एका गुरुवारी सकाळी डबा उघडला. ताईचा चेहरा उतरलेला होता.

ताईचे वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे बोलघेवडा माणूस. माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांची चौकशी करणारा. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, तोंड जरा वाकडं झालं, आणि बोलणं गेलं. शब्द ओठांवर येतच नव्हते. लिहून दाखवावं तर अक्षरंही जुळत नव्हती. ‘हो’ म्हणायचं असलं तरी मान कधी उभी हलायची, कधी आडवी. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सुधारेल, धीर धरा. पण घरी आणल्यापासून चार दिवस मास्तर काही खातच नव्हते. चमच्यानं थोडं थोडं पाणी घ्यायचे, एवढंच. डाव्या हातानं तोंडाकडे खूण करायचे. ताईची आई धावत सूप आणायची, आणि सूप पुढे आलं की मास्तर वाटी ढकलून द्यायचे.

“यांना जगायचंच नाही की काय गं?” आई स्वयंपाकघराच्या दाराआड डोळे पुसत ताईला म्हणाली.

घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही स्पष्टच सांगितलं, “सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. दुसरा इलाज नाही.”

ताईनं आधी मोबाइलवर चित्रं दाखवून पाहिली होती. पण मास्तरांचं डावं बोट थरथरायचं, भलत्याच ठिकाणी लागायचं, चित्रं जाऊन दुसरंच काही उघडायचं. मध्येच कुणाचा तरी फोन यायचा. मास्तरांनी मोबाइल गादीवर टाकून दिला. तेव्हा ताईला मी आठवलो. एकच काम करणारी वस्तू हवी, तिच्यात दुसरं काही नको, असं तिच्या मनात आलं. चित्राला बोट लावलं की ते मोठं व्हायचं आणि खाली शब्द यायचा, बस्स.

तिनं मला स्पर्श कळणारा नवा पडदा जोडला. कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर संगणक मांडला आणि चोवीस चित्रं काढली. पाणी, जेवण, बाथरूम, दुखतंय, खिडकी, पंखा, चष्मा, कवळी, कात्री, रेडिओ, असं काय काय. मास्तरांच्या पलंगाभोवती फिरून, त्यांच्या दिवसाला काय काय लागतं ते बघून तिनं यादी केली होती. ‘गप्प बसा’चं चित्र तेवढं फसलं. ओठांवर बोट ठेवायच्या ऐवजी माणूस नाकात बोट घालतोय असं दिसत होतं.

“राहू दे,” आई म्हणाली. “कळेल त्यांना.” कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

गुरुवारी संध्याकाळी ताईनं सगळं एकत्र बांधून माझ्यात भरायला घेतलं. संगणकानं सरळ नकार दिला.

“काय म्हणतंय ते?” आईनं विचारलं.

“म्हणतंय, मावत नाही. टेबलावरची जागा संपली. चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार आठशे शहाण्णव बाइट जास्त होतायत.”

“जरा दाबून बसव की.”

“कपडे आहेत का आई, दाबून बसवायला?”

शुक्रवारचा सगळा दिवस ताईनं चित्रं काढून टाकण्यात घालवला. दोन काढली, तरी मावेना. दहा काढली, तरी तेच. शेवटी तिनं रंग निम्मे केले, तेव्हा कुठे चार चित्रांपुरती जागा झाली. चारच! त्या दोघी कितीतरी वेळ यादी पुढ्यात घेऊन बसल्या. आयुष्यभर बोललेल्या माणसाचे चार शब्द कोणते ठेवायचे, तुम्हीच सांगा. शेवटी पाणी, जेवण, बाथरूम आणि दुखतंय ही चार राहिली. बाकीची वीस गेली.

मला खरं सांगायचं तर लाज वाटत होती. लिफ्टमध्ये नऊ वर्षं मिरवलेला मी, आणि चार चित्रांवर माझा दम संपला.

शनिवारी सकाळी मला मास्तरांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग बोट उचललं आणि ‘दुखतंय’वर ठेवलं.

घरात एकच धावपळ. “कुठे दुखतंय, बाबा? डोकं? छाती? पोट?” मास्तरांचा हात गालाजवळ गेला, मग हनुवटीखाली घसरला. घसा असेल, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरीणबाई आल्या, बॅटरी लावून घसा पाहिला, गिळून दाखवायला लावलं. “घसा तर साफ आहे,” म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा ‘दुखतंय’ दाबलं. पुन्हा. आणि पुन्हा. दुखतंय हे सगळ्यांना कळलं होतं. काय दुखतंय, हे सांगणारं चित्र माझ्यात नव्हतं. दुपारी त्यांनी मला उचललं आणि हळूच पालथं घातलं. आपटलं नाही, मित्रांनो. नुसतं पालथं घातलं. मला ते आपटण्याहून जास्त लागलं.

रविवारी सकाळी ताई पुन्हा संगणकापुढे बसली. आई शेजारी शर्टाला काज करत होती. मास्तर आजारी पडले म्हणून गिऱ्हाइकाचं कबूल केलेलं काम अडायला नको, असा तिचा बाणा. सुई चालवता चालवता तिनं विचारलं, “एवढी जागा खातंय तरी कोण?”

“अगं, पडद्यावर जे दिसायचं ते सगळं आधी टेबलावर तयार करते आणि मग एकदम पडद्यावर सोडते. त्या तयारीलाच टेबल पुरत नाही.”

“एकदम कशाला?” आईनं दोरा दातानं तोडला. “तीस वर्षं तुझ्या बाबांच्या शेजारी बसले. एवढाल्या खिडक्यांचे पडदे शिवले आम्ही. अख्खा तागा मशीनवर चढवतात का कधी? सुईखाली वीतभर असतो. बाकीचा मांडीवर.”

ताईचे हात थांबले. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. “मला हे माहीत होतं गं! लिफ्टला आकडाच दाखवायचा असायचा, म्हणून कधी गरजच पडली नाही.”

तिनं पडद्याच्या आडव्या दहा पट्ट्या पाडल्या. आता टेबलावर एका वेळी एकच पट्टी तयार करायची, ती पडद्यावर टाकायची, आणि त्याच जागेवर पुढची घ्यायची. हे इतकं भरभर होतं, की बघणाऱ्याला पट्ट्या दिसतच नाहीत, सगळं चित्र एकदमच आलंय असं वाटतं. मग तिनं रंग पहिल्यासारखे पूर्ण केले आणि चोवीसच्या चोवीस चित्रं परत आणली. जास्तीचा आकडा पुष्कळ खाली आला, पण संगणकाचा नकार कायम.

“आता काय?”

“चित्रं. पण ती तर मी कपाटात ठेवली आहेत, टेबलावर नाहीत.”

“कपाट उघडून बघितलंस?”

हा प्रश्न साधा होता, पण मोलाचा होता. ताईनं ओळ न् ओळ वाचायला घेतली, आणि चोर सापडला. चित्रांच्या यादीपुढे ‘ही कधी बदलणार नाहीत’ असं सांगणारा एक छोटासा शब्द लिहायचा राहून गेला होता. मी पडलो सांगकाम्या. बदलणार नाहीत असं कुणी सांगितलं नाही, तर बदलतील असं धरून मी चोवीसही चित्रं कपाटातून काढून टेबलावर मांडून ठेवणार होतो. ताईनं तो शब्द लिहिला. चित्रं निमूटपणे कपाटात राहिली, आणि माझ्या टेबलाचा चौथा हिस्साही भरला नाही! इतका मोकळा मी लिफ्टमध्येसुद्धा नव्हतो.

पण एक विघ्न अजून होतं. आता कपाट कुरकुरू लागलं. सत्तावीस हजार ऐंशी बाइट जास्त.

“दोन चित्रं काढली की झालं,” ताई दमलेल्या आवाजात म्हणाली.

“मग कवळीचं काढ,” आई म्हणाली. “अकरा वर्षं घालतायत. एका शब्दानं तक्रार नाही. मीच तर रोज धुऊन बसवतेय.”

ताईनं कवळीच्या चित्रावर खूण केली. बटण दाबायचंच बाकी होतं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलोही नसतो, कारण त्या चित्राची किंमत मलाही कुठे ठाऊक होती! पण ताईनं हात मागे घेतला.

“नाही आई. शुक्रवारी काढून बघितलं ना. आता बाबांचा एकही शब्द काढायचा नाही. दुसरं काहीतरी शोधू.”

ते दुसरं लगेच सापडलं. चित्राखाली शब्द लिहायला तिनं सगळीच्या सगळी अक्षरं भरली होती, लिपीतलं एक न् एक जोडाक्षर, अंक, चिन्हं. आपल्याला शब्द लागत होते चोवीस. त्यांना लागणारी तेवढी अक्षरं तिनं ठेवली आणि बाकीची रजेवर पाठवली. पुन्हा बांधायला घेतलं. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक ओळी सरकल्या आणि थांबल्या. तक्रार नाही. आकडे दोन्हीकडे मर्यादेच्या आत.

ताईनं मोठा श्वास सोडला. आईनं विचारलं, “मावलं?”

“मावलं!”

दुपारी बारा वाजता मला पुन्हा मास्तरांच्या पुढे धरलं. त्यांनी तोंड फिरवलं. कालच्या मला ते विटले होते. ताईनं घाई केली नाही. तिनं पलंगावर बसून स्वतःच पान पालटायचा कोपऱ्यातला बाण दाबला. खिडकी, पंखा, चष्मा आले. बाण दाबला. कात्री, रेडिओ आले. कात्री दिसली तसे मास्तर वळले. त्यांचं बोट पुढे आलं आणि त्यांनी स्वतः बाण दाबला. एक पान गेलं, दुसरं गेलं, आणि कवळीपाशी बोट थांबलं. लागलं. चित्र मोठं झालं. मग बोट परत बाणावर गेलं, पानं पालटत पालटत पहिल्या पानावर आलं, आणि त्यांनी ‘दुखतंय’ दाबलं.

ताईनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे.

“अगंबाई!” आई उठलीच. “कवळी टोचतेय यांना!”

तिनं हलक्या हातानं कवळी काढली. खालच्या हिरडीला, लुळ्या पडलेल्या बाजूला, केवढी तरी जखम झाली होती. आजारात मास्तर वाळले होते, तोंडाचा आकार बदलला होता, आणि जुनी कवळी आत घासत होती. एकट्या डाव्या हातानं त्यांना ती काढताही येत नव्हती. आणि आई ती रोज धुऊन, प्रेमानं, पुन्हा त्याच जखमेवर बसवत होती.

“मीच... माझ्याच हातानं...” आई कवळीकडे बघत म्हणाली. मास्तरांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाकडं तोंड हसत होतं.

त्या दुपारी मास्तरांनी वाटीभर सूप घेतलं. संध्याकाळी आणखी एक वाटी. सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पिशवीतली नळी बाहेर काढलीच नाही. जखमेला औषध दिलं, दातांच्या डॉक्टरांकडून कवळी नव्यानं करून घ्या म्हणाल्या, आणि जाता जाता मला हातात घेऊन त्यांनी एकेक पान पाहिलं. “हा नाकात बोट घालणारा कोण?” त्यांनी विचारलं. घर इतकं हसलं, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. मास्तरांनी मला अंगाखांद्यावर बाळगलं म्हणा ना. पंखा हवा, खिडकी उघडा, रेडिओ लावा, सगळं माझ्या तोंडून. नातेवाईक जमून एकदम बोलायला लागले, की मास्तर मिस्कीलपणे तो नाकवाला माणूस मोठा करून सगळ्यांपुढे धरायचे. हळूहळू त्यांचे स्वतःचे शब्द परत येऊ लागले. पहिला शब्द आला ‘थांब’. नंतर ‘दे’. मग ताईचं लाडाचं नाव. एकेक शब्द त्यांच्या जिभेवर परतला, की माझं तेवढं काम कमी व्हायचं. बेकार होण्यात इतका आनंद असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता मास्तर तुटक तुटक का होईना, बोलतात. डाव्या हातानं खडू धरून कापडावर रेघही मारतात. मी टेबलाच्या कडेला असतो, कधी दमले तर लागतो. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई विचारत आल्या होत्या. त्यांच्या भावाचंही बोलणं गेलं आहे. “असंच एखादं करून द्याल का? जागा कमी असेल तर पाच-सहा चित्रं पुरेत,” त्या संकोचून म्हणाल्या.

ताईनं त्यांना बसवलं, कागद पुढे ओढला आणि म्हणाली, “जागेचं मी बघते. भावाला दिवसभरात काय काय म्हणायचं असतं, ते तुम्ही सांगा. काही म्हणजे काही गाळू नका.”

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू घरात असेल, तर तिला कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्यापासून जपा, तिची वायर हिसडू नका. ती अजून कुणाच्या उपयोगी पडेल हे तिलाही माहीत नसतं. आणि कधी कुठे ‘मावत नाही’ असं ऐकलंत, तर आधी काय काढून टाकायचं ते शोधू नका. उगाच जागा अडवून कोण बसलंय, ते शोधा. तो लहानसा माणूस, तो आजारी माणूस, तो हळू बोलणारा मित्र, त्यांचे शब्द तेवढे राहू द्या.